शब्दांची गावकारी

नामाचे प्रकार शिकताना शाळेत आपल्याला प्रथम दोन नावे सांगतात : सामान्यनाम आणि विशेषनाम. 'नदी' हे सामान्यनाम, 'तेरेखोल' हे विशेषनाम. 'गाव' हे सामान्यनाम. 'मये', 'मोरजी', 'साळ' ही विशेषनामे. परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद पुढे कोणाला आठवतही नाही. परंतु आज मोठमोठ्या कंपन्या आणि त्यांचे वकील ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे झुंजतात, त्याचे मूळ या एका धड्यातच आहे. विशेषनामावर मालकी सांगता येते. सामान्यनामावर येते काय? आणि येत नसेल, तर ती सांगणाऱ्याला अडवावयाचे कोणी ?

प्रथम कायद्याची बाजू पाहू. एखादा व्यापारी आपल्या मालावर जी विशिष्ट खूण किंवा नाव घालतो, त्याला व्यापारचिन्ह म्हणतात. त्यामागील हेतू स्वच्छ आहे. गिऱ्हाइकाने पुडा उचलला की माल कोणाचा, हे त्याला कळावे आणि एकाच्या कीर्तीवर दुसऱ्याने पोट भरू नये. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार बाजारात घडू नये म्हणूनच ही व्यवस्था आहे. आपल्याकडे १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती दर दहा वर्षांनी वाढविता येते. म्हणजे मालकाची इच्छा असेल तर ती कधीच संपत नाही. ग्रंथाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर काही काळाने संपतो, व्यापारचिन्हाला मात्र मरण नाही. म्हणूनच ते कोणत्या शब्दाला लावावयाचे, याची काळजी कायद्याने घेतली आहे. मालाचा प्रकार, गुण, उपयोग वा उगम एवढेच सांगणारा शब्द नोंदविता येत नाही. तांदळाच्या पोत्यावर 'तांदूळ' या शब्दाची मालकी कोणालाही मिळत नाही, ती यामुळेच.

काही वेळा नेमके उलटे घडते. विशेषनामच सामान्यनाम होऊन बसते. आपल्या आया-आज्या कोणत्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत आणि आजही आपण कोणत्याही यंत्रावर काढलेल्या प्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो. अमेरिकेत 'ॲस्पिरिन' हे एका कंपनीचे नाव होते. १९२१ साली तेथील न्यायालयाने सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते औषधाचेच नाव झाल्याचे मान्य केले. सरकत्या जिन्याचे 'एस्कलेटर' हे नावही १९५० साली असेच मालकाच्या हातून निसटले. लोकांच्या जिभेने घेतलेला शब्द परत मिळत नाही. कंपन्यांना याची मोठी धास्ती असते, आणि धास्तावलेला मालक आपले कुंपण नेहमी थोडे पुढे सरकवून घालतो.

आज आपल्याला ज्याचा विचार करावयाचा आहे तो तिसरा प्रकार. शब्द मुळात सर्वांचा असतो, अनेकांनी तो वापरून वाढविलेला असतो आणि मग एक दिवस कोणी बलाढ्य मंडळी येऊन म्हणतात, हा आमचा. विज्ञानकथेच्या प्रांतात असे अनेकदा घडले आहे, कारण तो प्रांतच नव्या शब्दांची खाण आहे.

'सुपरहीरो' या शब्दाचेच पाहा. अचाट सामर्थ्याचा, लोकांच्या रक्षणाला धावणारा नायक, असा त्याचा साधा अर्थ. अमेरिकेतील डी. सी. आणि मार्व्हल या चित्रकथांच्या दोन कंपन्यांनी हा शब्द आपल्या संयुक्त मालकीचा म्हणून नोंदविला. चित्रकथांसाठीची नोंद १९८१ सालची आहे. या दोन कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. एकीचा सुपरमॅन, दुसरीचा स्पायडरमॅन. व्यापारचिन्हाने माल कोणा एकाचा हे कळावयास हवे. येथे तर दोन दुकाने मिळून एक पाटी लावून बसली होती! ज्या शब्दावरून माल या घरचा की त्या घरचा हेच कळत नाही, तो शब्द सामान्यनाम नव्हे तर काय ? तरीही ही पाटी चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. आपल्या पुस्तकाच्या नावात हा शब्द घालणाऱ्या लहान प्रकाशकांना पत्रे जात आणि बहुतेक जण निमूटपणे नाव बदलीत. अखेर 'सुपरबेबीज' नावाच्या एका लहान कंपनीने २०२४ साली ही नोंद रद्द करण्याचा अर्ज केला. दोन्ही बड्या कंपन्यांनी उत्तरच दिले नाही आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात नोंदी रद्द झाल्या. चाळीस वर्षे ज्याची जरब होती ते कुंपण एका धक्क्यात पडले. पण धक्का देणारा मिळावयास चाळीस वर्षे लागली, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरे उदाहरण 'स्पेस मरीन', म्हणजे अंतराळातील नौसैनिक, या शब्दाचे. १९३२ साली अमेरिकेतील एका विज्ञानकथा मासिकात बॉब ओल्सन या लेखकाच्या कथेच्या शीर्षकातच हा शब्द आला होता. पुढे अनेकांनी तो वापरला. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ साली काढलेल्या आपल्या युद्धखेळात तो घेतला आणि त्यावर हक्क सांगितला. एम. सी. ए. हॉगार्थ या लेखिकेने आपल्या पुस्तकाच्या नावात हे दोन शब्द घातले होते. कंपनीच्या तक्रारीवरून डिसेंबर २०१२ मध्ये विक्रेत्या ॲमेझॉनने ते पुस्तक उतरविले. न्यायालयात जाण्याइतका पैसा लेखिकेजवळ नव्हता. तिने आपली हकीकत जाहीर केली, वाचक आणि सहलेखक खवळले, नागरिकांच्या हक्कांसाठी झटणारी एक संस्था मध्ये पडली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पुस्तक पुन्हा विक्रीला आले. या प्रकरणी न्यायनिवाडा झालाच नाही. कायदा तिच्या बाजूने असेलही. परंतु तिला वाचविले ते लोकमताने.

तिसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. 'झाँबी' हा शब्द हैती बेटावरील गुलामगिरीत पिचलेल्या माणसांच्या लोकसमजुतीतून आला. मेल्यावरही ज्याची राबणूक संपत नाही असा प्राणी, ही त्यामागील भयंकर कल्पना. मार्व्हल कंपनीने हा शब्द चित्रकथांसाठी १९७५ साली नोंदवून घेतला आणि १९९६ पर्यंत ती नोंद राहिली. एका दुःखी लोकसमूहाने आपल्या भीतीला दिलेले नाव दूरच्या शहरातील कचेरीत दुकानाची खूण बनले.

याच्या शेजारी 'रोबो' या शब्दाची कथा ठेवून पाहा. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाटकात हा शब्द आणला. तो सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जगातील अनेक भाषांनी हा शब्द उचलला. मराठीने त्याला 'यंत्रमानव' असे देखणे रूप दिले. चापेक बंधूंनी शब्दाभोवती भिंत घातली असती, तर आयझॅक ॲसिमॉव्हच्या रोबोकथा कोणत्या नावाने लिहिल्या गेल्या असत्या ? ज्या चित्रपटसंस्थेने पुढे 'ड्रॉइड' हा शब्द आपला म्हणून नोंदविला आणि २००९ साली दूरध्वनी विकणाऱ्यांना तो परवान्याने वापरावयास लागला, त्या संस्थेचे यंत्रमानव तरी कोणाच्या खांद्यावर उभे होते ? ड्रॉइड हा शब्दही १९५२ साली मारी वुल्फ या लेखिकेच्या कथेत येऊन गेला होता. विज्ञानकथा ही एकमेकांच्या दिव्यावर दिवा लावीत चालणारी मिरवणूक आहे. एखाद्याने ज्योतीवरच हक्क सांगितला तर पुढची मिरवणूक अंधारात जाईल.

श्रोतेहो, हे सारे सातासमुद्रापलीकडचे; पेडणे-डिचोलीच्या माणसाने याची काळजी का वाहावी ? या शंकेचे उत्तर आपल्याच मांडवात मिळेल.

पेडण्याच्या कोणत्याही जत्रेत रात्री दशावतार उभा राहतो. प्रथम गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, शारदा येते, ब्रह्मदेव येतो आणि मग काळ्या वेषातील संकासूर येऊन मुलांना घाबरवितो आणि मोठ्यांना हसवितो. हा संकासूर करतो काय ? तो ब्रह्मदेवाचे वेद चोरतो ! आपल्या लोकरंगभूमीवरील पहिला गुन्हा सोन्यानाण्याच्या चोरीचा नसून शब्दांच्या चोरीचा आहे आणि पहिला अवतार तो शब्द सोडवून आणण्यासाठी आहे. ज्यांनी ही कथा पिढ्यान् पिढ्या पाहिली, त्यांना शब्दाची मालकी हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

या दशावताराच्या नावाकडेच पाहा. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर ही मंडळांची नावे, म्हणजे विशेषनामे. त्या नावाखाली दुसऱ्या कोणी खेळ लावला तर ती फसवणूक होईल आणि कायद्याने मूळ मंडळाचे रक्षण केलेच पाहिजे. परंतु 'दशावतार' हा शब्द सगळ्यांचा. २०२५ साली याच नावाचा मराठी चित्रपट आला आणि गाजला. त्याला ते नाव घेण्याचा अधिकार होता, तसाच तो उद्या दुसऱ्या नाटककाराला, चित्रकाराला, खेळ रचणाऱ्यालाही आहे. सामान्यनाम आणि विशेषनाम यांची अशी गोड सोयरीक आपल्या गावांनी कायद्याच्या पुस्तकाशिवाय सांभाळली.

आता पुढील काळाचा विचार करा. साळच्या गड्यांची जत्रा, त्या रात्रीचे ते गूढ दिवे. घोंगडी पांघरून, हाती दांडा घेऊन सीमेवर फिरणारा राखणदार आणि त्याला वाहिलेले रोट व वाहाणा. डिचोली परिसरातील घोडेमोडणी. शिरगावच्या लईराईचे होमकुंड. विज्ञानकथेला, चित्रकथेला आणि संगणकावरील खेळांना लागणारा एवढा कच्चा माल एका तालुक्यात क्वचितच सापडेल. परग्रहावरून आलेल्या पाहुण्याला गावच्या वेशीवर राखणदार अडवितो, अशी कथा आपल्याकडचा एखादा तरुण उद्या लिहील, त्याने लिहावीच. पण त्याच्या आधी एखाद्या मोठ्या खेळकंपनीने 'राखणदार' हा शब्द संगणकीय खेळ, पुस्तके आणि खेळणी या वर्गांत नोंदवून टाकला तर ? या तरुणाला एक दिवस वकिलाचे पत्र येईल. न्यायालयात तो कदाचित जिंकेलही, पण तोवर टिकण्याइतके बळ त्याच्यापाशी असेल काय ? हॉगार्थ यांच्यापाशी ते नव्हते. नुसत्या धमकीने कथा लिहिली जाण्याआधीच मरते. तिची कोठेही नोंद होत नाही आणि तिच्यासाठी कोणी रडतही नाही. खरी हानी ही आहे.

हे भय निराधार म्हणता येणार नाही. बिहारमधील एका व्यापाऱ्याने 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी आपल्या एकट्याचे म्हणून मागितले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ साली न्यायालयाने सांगितले की, धर्मग्रंथाच्या नावावर कोणालाही व्यापारासाठी एकाधिकार सांगता येणार नाही. मे २०२५ मध्ये भारतीय सैन्याच्या 'ऑपरेशन सिंदूर' या मोहिमेची बातमी आली त्याच दिवशी ते नाव मनोरंजनासाठी मागणारे अर्ज नोंदणी कार्यालयात दाखल झाले. लोकक्षोभ झाल्यावर एका बड्या उद्योगसमूहाने आपला अर्ज मागे घेतला. 'रामायण' हे नाव सर्वांना ठाऊक म्हणून वाचले, 'सिंदूर'च्या वेळी देश जागा होता म्हणून निभावले. 'राखणदार', 'गडे', 'संकासूर' हे शब्द दूरच्या शहरातील अधिकाऱ्याला ठाऊकच नसतील, तर ते सामान्यनाम आहेत हे त्याला सांगणार कोण ?

येथे आपल्या गोव्याची एक जुनी व्यवस्था मार्ग दाखविते. ती म्हणजे गावकारी. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून गावची जमीन एकट्याची नसून गावकऱ्यांच्या समूहाची असे. १५२६ साली पोर्तुगीजांनीही तिचे नियम लिहून काढून तिला मान्यता दिली. कुळागराला कुंपण असते आणि ते असावेच. ज्याने पोफळी लावल्या त्याची ती मेहनत. पण गुरांचे रान, पाणंद आणि तळे यांना कोणी कुंपण घालू लागला तर गाव उठते. शब्दांचेही असेच. कोणी आपल्या कल्पनेने घडविलेले पात्र, आपल्या मंडळाचे वा दुकानाचे नाव, हे त्याचे कुळागर. यंत्रमानव, उडती तबकडी, परग्रहवासी, राखणदार हे गावचे रान.

समूहाच्या नावाचे रक्षण करणारा कायदाही आपल्याकडे आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १५ सप्टेंबर २००३ याच दिवशी अमलात आला. गोव्याच्या काजू फेणीला ते मानांकन २००९ साली मिळाले. पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीला आणि आपल्या जत्रांतील खाज्याला २०२१ साली मिळाले, मानकुराद आंब्याला २०२३ साली. डोंगरउतारावर बोंडू वेचणारा, ते मळणारा, भट्टीवर हुर्राक आणि फेणी काढणारा, यांपैकी कोणा एकाची ही मालकी नाही. ज्या भूमीत आणि ज्या रीतीने माल होतो, त्या भूमीतील सर्व उत्पादकांची आहे. शहरातील एखाद्या कारखानदाराला 'फेणी' हा शब्द आपल्या एकट्याचा करून घेता येत नाही, ती या गावकारीची सत्ता.

पण हेही सर्वांगपूर्ण नाही. तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर काजू तेच, माणसे एकमेकांच्या नात्यातली, आणि दशावतार तर दोन्ही तीरांवर एकाच रात्री उभा राहतो. अलीकडचे गोव्याचे फेणीचे नाव पलीकडे चालत नाही. पलीकडच्या वेंगुर्ल्याच्या काजूला स्वतःचे वेगळे मानांकन आहे. मालाला सीमा घालता येते, कारण तो मातीतून येतो. कथा आणि शब्द यांना ती घालता येत नाही. म्हणून 'राखणदार' या शब्दालाही मानांकन मिळवा, असे मी म्हणणार नाही. तसे केले तर चोराला अडवावयाच्या नादात आपणच रानाला कुंपण घालू. शब्द मोकळा ठेवणे, एवढेच पुरेसे आहे.

तो मोकळा ठेवावयाचा कसा ? उपाय मोठे खर्चाचे नाहीत. नोंदणीसाठी आलेले अर्ज नोंद पक्की होण्यापूर्वी व्यापारचिन्हांच्या साप्ताहिक नियतकालिकात छापले जातात. ते आज कोणालाही घरबसल्या संगणकावर फुकट पाहता येते. छापल्यापासून चार महिन्यांच्या आत कोणीही नागरिक, त्याचा स्वतःचा व्यापार नसला तरी, विरोध नोंदवू शकतो. २०१७ च्या नियमांनुसार संगणकाद्वारे असा विरोध नोंदविण्याचे शुल्क दर वर्गामागे २,७०० रुपये आहे. गोव्याचे काम मुंबईच्या कार्यालयाकडे येते. अर्थात विरोधाला पुरावा लागतो आणि आपली बाजू लंगडी पडते ती येथे. आपले वैभव जिभेवर आहे, कागदावर नाही.

म्हणून प्रत्येक दशावतारी मंडळाने, प्रत्येक ग्रामवाचनालयाने आपल्या जुन्या जाहिराती, हस्तपत्रके, नाटकांच्या संहिता, जत्रांच्या पत्रिका तारखांसह जपून ठेवाव्यात. शाळांनी मुलांना गावातील वृद्धांकडे पाठवून गड्यांच्या, देवचारांच्या, राखणदाराच्या कथा लिहून घ्याव्यात आणि सांगणाऱ्याचे नाव व दिवस खाली नोंदवावा. हळदीवरील पेटंट अमेरिकेत १९९७ साली रद्द झाले ते आपल्या शास्त्रज्ञांनी जुने लेखी दाखले पुढे टाकल्यामुळेच. 'आमची आजी हळद लावीत असे' एवढ्याने ते झाले नसते. इंग्रजी विज्ञानकथेतील शब्दांचा एक कोश २०२१ साली सर्वांसाठी खुला झाला. कोणता शब्द प्रथम कोणत्या साली, कोणत्या कथेत आला, याचे दाखले त्यात आहेत. 'हा शब्द मी घडविला' असे कोणी म्हटले की पान उघडून दाखवावे, वाद मिटला.

मराठीला असा कोश अजून हवा आहे आणि त्याला सामग्री तोटा नाही. श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा तर शंभर वर्षांहून जुनी. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने पुढे विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ साली अशाच स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाने टोपणनाव घेतले होते. ते होते जयंत नारळीकर. ते २०२५ साली निवर्तले, पण तो शब्द आज शाळकरी मुलाच्या तोंडी आहे. एका शास्त्रज्ञाने आपल्या कथेच्या कपाळी लावलेला शब्द, आणि वापरावयास कोणाची परवानगी लागत नाही. भाषेची श्रीमंती याहून वेगळी काय असते ?

श्रोतेहो, कंपन्यांशी वैर धरावे, असा या बोलण्याचा हेतू नाही. प्रामाणिक व्यापाऱ्याचे नाव जपलेच पाहिजे. हरमलची म्हणून दुसरीकडची मिरची विकणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण भाषेत काही शब्द असे असतात की जे पुष्कळांनी मिळून पोसलेले असतात. ते वापरीत राहणे आणि ते वापरल्याची खूण मागे ठेवणे, हेच त्यांचे रक्षण. रानाची वाट रोजच्या पायांनी मोकळी राहते. पेडण्या-डिचोलीच्या तरुणांनी राखणदाराला अंतराळात न्यावे, संकासुराला यंत्रमानवांच्या नगरीत सोडावे, साळच्या दिव्यांची गोष्ट नव्या जगाला सांगावी. लिहिलेल्या प्रत्येक कथेखाली दिनांक घालावा. आपल्या गावच्या शब्दावर उद्या कोणी दावा सांगितलाच, तर तो दिनांकच आपला साक्षीदार असेल.